ताईची चाळण

ताई दुकानात शिरली ती चष्म्यासाठी नव्हे, हे भोंग्याला तिच्या पावलांवरूनच कळलं. चष्म्याला येणारं गिऱ्हाईक दारात जरा थबकतं, डोळे बारीक करून आत बघतं. ताई सरळ काउंटरपाशी आली, पर्समधून फोन काढला आणि त्याच्यापुढे काचेवर आपटला. भोंगा तेव्हा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये भिंग बसवत होता. हातातला इवलासा स्क्रू निसटला आणि घरंगळत काउंटरखाली गेला.

"ही चाळण कुणाची?"

फोनवर फोटो होता. पिठाची गोल चाळण, कड एका बाजूला चेपलेली. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'शेवटच्या मॅचला येताना घरातली चाळण आणि वाजवायला चमचा आणा. आपल्या गोलकीपरचं जंगी स्वागत करू!' खाली शहरातल्या फुटबॉल क्लबचं चिन्ह, आणि त्याच्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची ही लांब रांग.

"ताई, असली चाळण सगळ्यांकडेच असते..."

"गप बस. ती ओट्यावरून पडली तेव्हा तुझाच पाय पडला होता तिच्यावर. कड मी ओळखणार नाही? घरी चाळायला काहीतरी हवंय म्हणून मागून नेलीस. मला वाटलं, एकटा माणूस, कधी नव्हे तो स्वयंपाकाला लागला, बरं झालं. आणि तू माझ्याच घरातली चाळण नेऊन माझ्याच पोराच्या डोक्यावर उलटी घातलीस?"

म्हातारं गिऱ्हाईक खुर्चीत अवघडून बसलं होतं. चष्म्याशिवाय त्याला दिसत काही नव्हतं, पण ऐकू फार छान येत होतं.

"त्याला पहिल्यापासून माहीत होतं, क्लबचं ते पेज तू चालवतोस म्हणून," ताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मला एका शब्दानं बोलला नाही. शेजारणीनं फोटो दाखवला, मी चाळण ओळखली, त्याला विचारलं. तर म्हणतो, जाऊ दे आई. काल जेवला नाही. सकाळी पिशवी भरताना म्हणाला, आजची शेवटची. मॅच झाली की ग्लोव्हज कुणाला तरी देऊन टाकणार. एवढ्याशा मुठी होत्या तेव्हा तूच घातलेस ना रे ते त्याच्या हातात?"

बहिणीची नजर चुकवत भोंगा निसटलेला स्क्रू शोधायला काउंटरखाली वाकला.

"मला ते पेजबीज कळत नाही. तू लावलंयस, तूच निस्तर. तो आज हसत घरी आला, तर तू ये जेवायला. नाही आला, तर माझ्या दाराची पायरी चढू नकोस. आणि चाळण मला आजच्या आज परत पाहिजे."

ती गेली. म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि विचारलं, "माझा चष्मा होणार का आज, की मीही संध्याकाळी येऊ?"

भोंगा लग्नाच्या फंदात कधी पडला नाही. त्याची खोली म्हणजे एक खाट, एक दिवा आणि भिंगं घासायचं जुनं यंत्र. त्या खोलीला घर म्हणायचं तर गोदामाला राजवाडा म्हणावं लागेल. घर म्हणजे ताईचं. मेहुणे गेल्यापासून तर तो रोज संध्याकाळी तिथंच जेवायचा, ताईशी भांडायचा, भाच्याचे कान ओढायचा. ती पायरी बंद झाली तर ह्या माणसाला शहरात जायला दुसरं दार नव्हतं.

त्याला भोंगा म्हणायचे ते त्याच्या आवाजामुळे. ऐन तारुण्यात एकदा क्लबचा माईक बिघडला आणि स्टँडमधून ह्यानं नुसत्या घशावर खेळाडूंची नावं पुकारली. पलीकडच्या रस्त्यावर बस थांबली म्हणतात. तेव्हापासून मॅचच्या दिवशी मैदानावरच्या लाकडी खोलीत, उघड्या खिडकीशी, माईकपुढे भोंगा. नुसती नावं पुकारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटवायचा. डाव्या बाजूनं धावणारा तो 'उधारीवाला', कारण कुणाच्या हाती लागत नसे. एक धिप्पाड बचावपटू 'कपाट'. लोक नावाची वाट बघायचे, नाव पडलं की स्टँडभर हशा आणि आरोळी. पण एक होतं. पंचाची शेवटची शिट्टी वाजली की ती नावं तिथंच मैदानावर राहायची. कपाट बायकोबरोबर बाजारात दिसला तर लोक त्याला नमस्कार करायचे, कपाट म्हणायचे नाहीत.

पुढे लोक यायचे थांबले. घरबसल्या जगातल्या मोठमोठ्या मॅच दिसायला लागल्यावर ह्या मैदानावर चिखल बघायला कोण येणार? स्टँडमध्ये कबुतरं जास्त आणि माणसं कमी अशी गत झाली. क्लबच्या सेक्रेटरी बाई हुशार. त्यांनी भोंग्याला बोलावलं आणि म्हणाल्या, "आपलं पेज आहे, पण त्यावर फक्त मॅचची वेळ टाकतात. ते कुणी वाचत नाही. तुम्ही माईकवर बोलता तसं तिथं बोला."

"मला टाईप करता येत नाही धड."

"शिव्या देताना अडखळता का? तसंच."

भोंगा शिकला. आणि अहो, काय रंगवलं त्यानं ते पेज! मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणाऱ्या माळ्याचा व्हिडिओ टाकला आणि विचारलं, रेघ सरळ आहे का सांगा. लोक पट्टी घेऊन भांडायला बसले. जुने क्लबचे मफलर कुणाच्या कपाटात असतील तर फोटो पाठवा म्हटलं, तर लोकांनी आजोबांच्या मफलरचे फोटो पाठवले, सोबत आजोबांच्या आठवणी. राखीव खेळाडूंना बाकावर बसून कंटाळा येतो, त्यांना गाणी सुचवा म्हटलं. कुणी एका ओळीची कमेंट केली तरी भोंगा तिला उत्तर द्यायचा, तेही त्या माणसाला चिमटा काढून. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं तक्रार केली की जर्सीची शिलाई उसवलेली दिसते. ह्यानं लिहिलं, 'सुई घेऊन या, चहा आमचा.' ती खरंच आली. आली ती दर मॅचला येऊ लागली.

लोकांना काय हवं असतं, हे भोंग्याला कुठल्या वर्गात बसून शिकायची गरज पडली नाही. कुणीतरी आपल्याला ओळखावं आणि आपली थट्टा करावी, एवढंच. पेजवर त्याचं नाव नव्हतं. क्लब बोलतोय असंच सगळ्यांना वाटे. स्टँड भरू लागला आणि कबुतरं पांगली.

त्यातच भाचा संघात आला. गोलकीपर म्हणून.

खरं तर तो आला स्वतःच्या हिमतीवर. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर खडूनं गोल काढून भोंगाच त्याच्यावर चेंडू मारायचा. "नजर चेंडूवर, माणसावर नाही," हे वाक्य त्यानं पोराच्या कानात इतकं ओतलं की पोरगं जेवतानाही घासावर नजर ठेवायचं. पण निवड झाली त्या दिवशी भोंग्यानं कुणाला तरी बोलताना ऐकलं: "क्लबातल्या कुणाचा तरी भाचा आहे म्हणे. वशिल्याचं तट्टू." कुणाचा, ते त्यांना माहीत नव्हतं. भोंग्याच्या मात्र ते वर्मी लागलं. त्यानं पोराला बाजूला घेऊन बजावलं, "मैदानाच्या फाटकाच्या आत मी तुझा मामा नाही. मला मामा म्हणायचं नाही. कळलं?"

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. खेळ."

आपल्या माणसाला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून काही लोक आपल्याच माणसाचं माप मारतात. भोंगा त्यातला. दुसऱ्याच मॅचमध्ये भाच्याच्या दोन पायांमधून एक रडका चेंडू घरंगळत आत गेला. असं कुणाचंही होतं. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर भोंग्यानं एक चिमटा काढून सोडून दिलं असतं. पण हा आपला. त्यानं ताईकडून चाळण आणली, खिडकीत धरली, फोटो काढला आणि लिहिलं: 'आमचा नवा गोली: चाळण. पीठ थांबतं, चेंडू जातो.'

पेजवर असं काही कधी झालंच नव्हतं. लोकांनी आपापल्या चाळणींचे फोटो टाकले. कुणी चाळणीला ग्लोव्हज घातले, कुणी चाळणीतून पाणी ओतून 'सरावाचा व्हिडिओ' म्हणून टाकला. दुसऱ्या शहरांतले लोक हसायला आले. सेक्रेटरी बाईंनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले.

पहिल्या आठवड्यात भाचाही हसला होता. मग बसच्या कंडक्टरनं त्याला बघून चाळणीची खूण केली. ताईच्या फाटकाला कुणीतरी प्लास्टिकची चाळण बांधून गेलं, ती त्यानं आईनं बघायच्या आत सोडून कचऱ्यात टाकली. हे नाव शिट्टीबरोबर मैदानावर राहिलं नाही. ते फोनात बसून त्याच्याबरोबर घरी आलं, त्याच्या खिशात झोपलं आणि सकाळी त्याच्या आधी उठलं. भोंग्याला ते दिसत होतं, पण त्याचा डोळा हसणाऱ्या तोंडांच्या आकड्यावर होता. मध्ये एकदा पोरानं पेनल्टी अडवली. काय अडवली होती! भोंग्यानं लिहिलं, 'आज भोकं बुजली होती वाटतं.' त्या दिवशी संध्याकाळी भाचा ताटावरून लवकर उठला. मामानं त्याची वाटी आपल्याकडे ओढली आणि त्याची भाजी स्वतः खाल्ली.

आणि आता मोसमातली शेवटची मॅच. हरले तर क्लब खालच्या गटात जाणार. स्टँड ओसंडून भरावा म्हणून भोंग्यानं आठवड्याभरापूर्वी ती पोस्ट टाकली होती, चाळण आणा म्हणून.

म्हाताऱ्याचा चष्मा त्यानं कसाबसा पुरा केला, शटर खाली ओढलं आणि तिथंच फुटपाथवर उभा राहून फोन काढला. आधीची पोस्ट काढून टाकली. नवी लिहिली: 'आज कृपया चाळणी आणू नका.'

उत्तरं धडाधड आली. 'समजलं! दोन आणतो.' 'ॲडमिन आज फॉर्मात आहे.' काढून टाकलेल्या पोस्टचा फोटो कुणीतरी परत चिकटवला.

त्यानं लिहिलं: 'खरंच सांगतोय. गोली आपला आहे. त्याला त्रास होतोय.'

'हा हा, चाळणीला त्रास! पिठात खडा आला का?'

घाम पुसून त्यानं पुन्हा लिहिलं. हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याला आणखी हशा. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट त्यानं लहानपणी शंभरदा ऐकली होती, पण त्या पोराच्या जागी उभं राहणं काय असतं ते आज कळलं. ते पेज आजवर एक वाक्य सरळ बोललं नव्हतं. आता सरळ बोललेलं कोण ऐकणार?

मैदानाच्या ऑफिसात सेक्रेटरी बाई फोनवर होत्या. त्यांनी हातानंच बसा म्हटलं. तो बसला नाही.

"फाटकावर चाळणी काढून घ्यायला सांगा," तो म्हणाला.

"वेड लागलंय का? आपणच बोलावलंय त्यांना. बाहेर रांग बघितलीत? माझ्या कारकिर्दीत ही रांग मी पहिल्यांदा बघतेय."

"तो भाचा आहे हो माझा."

बाईंनी फोन खाली ठेवला. त्या काही दगडाच्या नव्हत्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाव ठेवलंत तेव्हाच मी म्हणायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या. आता रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात चमचा आहे, मी कुणाकुणाचा काढू? कोचला विचारा, दुसरा गोली उतरवतात का."

कोचनं मान हलवली. दुसऱ्या गोलीचं बोट प्लास्टरमध्ये होतं.

मग भोंगा खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी गेला. आत मलमाचा वास, ओल्या बुटांचा वास, आणि एरवी असतो तो गलबला अजिबात नाही. भाचा कोपऱ्यातल्या बाकावर बसून बोटांना पट्टी गुंडाळत होता. गुंडाळायचा, उलगडायचा, परत गुंडाळायचा. बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते.

"अरे," भोंगा दारातून म्हणाला. "ऐक ना. जरा बाहेर ये."

पोरानं वर बघितलं. "बोला. काय काम होतं तुमचं?"

तुमचं! ज्या पोरानं जन्मात मामाला अहोजाहो केलं नव्हतं, जे अंगाखांद्यावर नाचत 'ए मामा' करत वाढलं, ते पोरगं म्हणत होतं, काय काम होतं तुमचं. भोंग्याला कुणी श्रीमुखात दिली असती तर ती परवडली असती.

"असं काय बोलतोस रे? मी मामा..."

"फाटकाच्या आत नाही. तुम्हीच ठरवलंय." त्यानं पट्टीचं टोक दातानं तोडलं आणि ग्लोव्हज चढवले. "काळजी करू नका. मी खेळणार आहे. आजचा दिवस."

भोंगा शिडी चढून आपल्या लाकडी खोलीत आला. खिडकी उघडली आणि खाली बघितलं. स्टँड गच्च. लहान चाळणी, मोठ्या चाळणी, चहाची गाळणीसुद्धा, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात चमचा नाहीतर डाव. सूर लावायला म्हणून कुणी वाजवून बघत होतं. गोलमागच्या पायऱ्यांवर तर मुंगी शिरायला जागा नाही. सगळे वाट बघत होते, वरच्या आवाजाची. आजवर ज्या क्षणासाठी तो जगत आला तो क्षण त्याला आज नको होता.

खोलीतल्या खिळ्याला ताईची चाळण टांगलेली होती. फोटो काढल्यापासून तिथंच.

संघ मैदानात आले. रिवाज असा की गोलकीपरचं नाव सगळ्यात शेवटी. भोंग्यानं एकेक नाव पुकारलं, टोपणनावासकट, आणि स्टँड प्रत्येकाला गरजून उत्तर देत गेला. मग उरलं एक. चमचे वर गेले. खाली गोलच्या चौकटीत भाचा उभा होता, नजर समोरच्या गवतावर.

"गोलकीपर..." भोंगा म्हणाला आणि थांबला. "गोलकीपर माझा भाचा आहे."

स्टँड खदखदून हसला. हाही विनोदच वाटला त्यांना.

"हसा. पण ऐका. क्लबचं पेज मी चालवतो. क्लब नाही, मी. भोंगा. चाळण हे नाव मी ठेवलं, तुम्ही नाही." त्यानं खिळ्यावरची चाळण काढली आणि हात लांब करून खिडकीबाहेर धरली. "ही त्या फोटोतली. ही माझ्या ताईची आहे. तिच्या पोराची टिंगल करायला मी तिच्याकडूनच मागून आणली, आणि तिला सांगितलं नाही. त्यानं पेनल्टी अडवली तेव्हाही मी त्याचं हसं केलं. आपल्यातला म्हणून मी त्याला चांगलं म्हटलं नाही. भ्यालो मी, लोक वशिला म्हणतील म्हणून."

हशा ठिकठिकाणी विझला. सगळीकडे नाही. वरच्या पायऱ्यांवर कुणीतरी अजून खिदळत होतं.

"चाळणी आणायला मीच बोलावलं तुम्हाला. न वाजवता घरी न्या, असं म्हणायला मला तोंड नाही. वाजवा. पण ज्याच्या नावानं वाजवायला हवं त्याच्याकडे तोंड करून वाजवा. मी इथं आहे. खिडकी उघडी आहे." मग त्यानं भाच्याचं नाव घेतलं. आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण, टोपण न लावता.

भाच्यानं मान वर केली नाही. मग ती शिवणकामवाली बाई पहिल्या रांगेत उभी राहिली, मैदानाकडे पाठ करून, आणि ओरडली, "लाज नाही वाटत का रे, भोंग्या? मामा ना तू त्याचा?" आणि तिनं चाळणीवर असा चमचा हाणला की तो वाकला.

तिच्या मागे तिची रांग वळली. मग त्यामागची. बघता बघता अर्ध्याहून जास्त स्टँड लाकडी खोलीकडे तोंड करून चाळणी बडवत होता. भोंगा! चाळण! भोंगा! चाळण! रागानं, गमतीनं, कुणी नुसतं शेजारच्याचं बघून. काही जण गोलकडे बघूनच वाजवत राहिले, असे असतातच. पण त्यांचा आवाज ह्या गदारोळात बुडाला. सेक्रेटरी बाई धापा टाकत शिडी चढून आल्या, काही न बोलता माईकची वायर काढली आणि गेल्या. भोंगा खिडकीतून हलला नाही. आत सरकून बसला असता तर चाललं असतं, पण आत सरकला तर आवाज परत वळेल, ह्या भीतीनं तो कठड्याला घट्ट धरून उभा राहिला.

पहिला अर्धा भाग तसाच गेला. गोल नाही. दुसऱ्या भागात पाहुण्यांनी कोपऱ्यावरून मारलेला चेंडू डोक्याडोक्यावरून गेला आणि भाच्याच्या हाताला लागून आत पडला. आता. आता सगळे गोलकडे वळणार. गोलमागून दोनचार चाळणी खणखणल्यासुद्धा. भाचा जाळ्यातून चेंडू काढत होता, आणि तो वाकलेला राहिला ते जरा जास्तच वेळ.

भोंग्यानं ताईची चाळण स्वतःच्या डोक्यावर उलटी घातली आणि खिडकीबाहेर अर्धा लोंबकळून खुणा केल्या: इकडे! इकडे बघा! माईक नव्हता, तर पूर्वीसारखं नुसत्या घशावर ओरडला, "तो चेंडूसुद्धा माझ्याच खात्यावर!" लोकांनी बघितलं, आणि पुन्हा एकदा शिव्यांची आणि चमच्यांची सर त्याच्या अंगावर आली. त्याला कधी नव्हे इतकं हायसं वाटलं.

उधारीवाल्यानं बरोबरी केली. आणि अगदी शेवटी, जेव्हा पंच घड्याळाकडे बघत होता, पाहुण्यांचा एक जण एकटाच गोलपुढे आला. भोंग्यानं डोळे मिटले नाहीत. "नजर चेंडूवर," तो पुटपुटला, "माणसावर नाही." भाचा बाहेर धावला, अंग झोकून दिलं, चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून बाजूच्या रेघेबाहेर गेला. सुंदर बिंदर काही नव्हतं त्यात. गुडघ्याला लागला आणि गेला. शिट्टी वाजली. बरोबरीवर क्लब आपल्या गटात टिकला.

लोक नाचत खाली उतरले. भोंगा स्टुलावर बसला, चाळण मांडीवर. फोन खिशात थरथरत होता, निकाल टाकायची वाट बघत. त्यानं तो काढला नाही. भाचा आत गेला असेल, पिशवी भरत असेल, ग्लोव्हज कुणाला तरी देत असेल. खाली जाऊन बघायची त्याची छाती झाली नाही.

"मामा!"

आवाज खिडकीखालून आला होता. आणि आवाज घराण्यातलाच होता, कारण फाटकाकडे निघालेले लोक जागच्या जागी थांबले. भाचा खाली उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल, ग्लोव्हज अजून हातात.

"मामा, आईची चाळण दे."

भोंगा शिडी कसा उतरला, त्याचं त्याला ठाऊक. चाळण पुढे केली. भाच्यानं ती ग्लोव्हजच्या हातांनी घेतली आणि चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. हसला नाही.

"नाव आता जायचं नाही, माहितीय ना तुला?"

"माहितीय रे."

"पुढच्या मोसमातही ओरडतील."

पुढच्या मोसमात. भोंग्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवलेही नाहीत. लोक बघत होते. बघू देत.

"चल," भाचा म्हणाला. "चाळण घेऊन एकटा गेलो तर आई विचारेल, मामा कुठंय. परत मलाच बोलणी."

"तुझी आई म्हणालीय, तू हसत आलास तरच मी यायचं."

भाच्यानं त्याच्याकडे रोखून बघितलं. "मग दारापर्यंत पोचायच्या आत काहीतरी हसण्यासारखं बोल. तेवढंच येतं ना तुला?"

दोघं निघाले. भोंग्यानं तोंड उघडलं, मिटलं. बसथांबा गेला, चष्म्याचं बंद दुकान गेलं, खडूचा गोल काढायचे ती भिंत गेली. एरवी मुंगीवरसुद्धा विनोद करणाऱ्या माणसाला एक शब्द सुचेना. भाचा मधूनमधून त्याच्याकडे बघत होता. ताईच्या गल्लीच्या वळणावर भोंग्यानं पुन्हा एकदा जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं, हातही वर केला आणि नुसताच हवेत ठेवला. भाचा थांबला. त्या उघड्या, रिकाम्या तोंडाकडे बघता बघता त्याला आधी नाकातून आणि मग पोटातून हसू फुटलं.

ताईनं दार उघडलं तेव्हाही ते थांबलं नव्हतं.